होमी जहांगीर भाभा

डॉ. होमी जहांगीर भाभा (जन्म : मुंबई, ३० ऑक्टोबर १९०९; मृत्यू : माँ ब्लाँ, फ्रान्स, २४ जानेवारी १९६६) हे भारतीय सैद्धांतिक भौतिकशास्त्रज्ञ आणि भारताच्या अणुऊर्जा कार्यक्रमाचे संस्थापक होते. टाटा मूलभूत संशोधन संस्था आणि तुर्भे येथील अणुऊर्जा संस्था, म्हणजे आजचे भाभा अणुसंशोधन केंद्र, या दोन्ही संस्था त्यांनी मुंबईत उभारल्या. अणुभट्ट्यांमुळे त्यांचे नाव सर्वतोमुखी झाले असले, तरी भौतिकशास्त्रात त्यांची कीर्ती त्याआधीच प्रस्थापित झाली होती. विश्वकिरणांचे वर्षाव, इलेक्ट्रॉन व पॉझिट्रॉन यांचे प्रकीर्णन आणि मेसॉन यांवरील संशोधनासाठी १९४१ मध्ये, वयाच्या ३१व्या वर्षी, ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. प्रोटॉनाच्या अस्थिर, अधिक प्रभार असलेल्या अवस्थांविषयी त्यांनी १९४० मध्ये केलेले भाकीत मात्र मराठीत फारसे परिचित नाही.

बालपण आणि शिक्षण

भाभांचा जन्म मुंबईतील एका सधन व सुशिक्षित पारशी कुटुंबात झाला. वडील जहांगीर होर्मसजी भाभा हे ऑक्सफर्डला शिकलेले बॅरिस्टर होते आणि टाटा उद्योगसमूहाशी त्यांचा निकटचा संबंध होता. आईचे नाव मेहेरबाई. आजोबा होर्मसजी भाभा हे म्हैसूर संस्थानात शिक्षण खात्याचे प्रमुख होते. होमींच्या आत्याचा विवाह सर दोराबजी टाटा यांच्याशी झाला होता, त्यामुळे उद्योग आणि देशाची उभारणी हे विषय त्यांच्या कानांवर लहानपणापासून पडत होते. धाकटे बंधू जमशेद भाभा यांनी पुढे मुंबईत राष्ट्रीय संगीत नाट्य केंद्राची स्थापना केली.

होमी यांचे शालेय शिक्षण मुंबईच्या कॅथीड्रल अँड जॉन कॉनन शाळेत झाले. त्यानंतर एल्फिन्स्टन महाविद्यालय आणि रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स येथे शिकून १९२७ मध्ये ते केंब्रिजच्या गॉनव्हिल अँड कीझ महाविद्यालयात दाखल झाले. मुलाने यंत्र अभियांत्रिकीची पदवी घ्यावी आणि जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यात रुजू व्हावे, अशी वडिलांची योजना होती. केंब्रिजमध्ये वर्षभरातच होमींचे मन भौतिकशास्त्राकडे ओढले गेले आणि त्यांनी वडिलांना तसे स्पष्टपणे कळवले. वडिलांनी नकार दिला नाही, पण एक अट घातली. अभियांत्रिकीची ट्रायपॉस परीक्षा पहिल्या वर्गात उत्तीर्ण झाल्यास गणितासाठी केंब्रिजमध्ये आणखी राहण्याचा खर्च ते देणार होते. होमींनी १९३० मध्ये ही अट पूर्ण केली आणि १९३२ मध्ये गणिताची ट्रायपॉसही पहिल्या वर्गात उत्तीर्ण केली. अभियांत्रिकीची ती वर्षे वाया गेली नाहीत, हे तुर्भे येथे दिसून आले. यंत्राचे आराखडे स्वतः वाचू शकणारे सैद्धांतिक शास्त्रज्ञ त्या काळी विरळा होते.

केंब्रिजमधील संशोधन

१९३२ हे वर्ष केंब्रिजसाठी असामान्य ठरले. त्या वर्षी कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत जेम्स चॅडविक यांनी न्यूट्रॉन शोधला, तर कॉक्रॉफ्ट आणि वॉल्टन यांनी वेगवान प्रोटॉनांचा मारा करून लिथियमचे अणुकेंद्र फोडले. त्याच वर्षी अमेरिकेत कार्ल अँडरसन यांना विश्वकिरणांत पॉझिट्रॉन आढळला. पॉल डिरॅक यांनी असा कण असावा असे आपल्या समीकरणावरून आधीच मांडले होते आणि भाभा त्यांच्याच व्याख्यानांना बसत असत. राल्फ फाउलर यांच्या मार्गदर्शनाखाली भाभांनी १९३५ मध्ये पीएच.डी. मिळवली. या काळात शिष्यवृत्त्यांमुळे त्यांना झुरिकला वोल्फगांग पाउली, रोमला एन्रिको फर्मी आणि कोपनहेगनला नील्स बोर यांच्या सान्निध्यात काम करता आले. त्यांचा पहिला शोधनिबंध १९३३ मध्ये जर्मन भाषेत प्रसिद्ध झाला. त्याचा विषय विश्वकिरणांचे शोषण हा होता.

इलेक्ट्रॉनावर पॉझिट्रॉन आदळला असता तो कोणत्या दिशेने, किती प्रमाणात विखुरतो, याचे गणित त्यांनी १९३५-३६ मध्ये केले. हे दोन कण एकमेकांना केवळ ढकलत वा ओढत नाहीत, तर क्षणभर परस्परांचा नाश करून पुन्हा निर्माणही होऊ शकतात, आणि ही शक्यता हिशेबात धरल्याशिवाय उत्तर बरोबर येत नाही, असे त्यांनी दाखवले. या प्रक्रियेला भाभा प्रकीर्णन असे नाव मिळाले. इलेक्ट्रॉन व पॉझिट्रॉन यांचे झोत समोरासमोर आदळवणाऱ्या यंत्रांमध्ये टकरींचे प्रमाण मोजण्यासाठी आजही याच प्रक्रियेचा मापदंड म्हणून उपयोग होतो. भाभांच्या हयातीत अशी यंत्रे नुकतीच बांधली जाऊ लागली होती.

वॉल्टर हाइटलर यांच्यासह १९३७ मध्ये त्यांनी मांडलेली वर्षावांची उपपत्ती अधिक प्रसिद्ध आहे. विश्वकिरणांच्या नोंदींमध्ये एकाच क्षणी डझनावारी कण एकत्र आल्याचे दिसे आणि याचे कारण कोणाला उमगत नव्हते. भाभा व हाइटलर यांचे स्पष्टीकरण साधे होते. अतिशय वेगवान इलेक्ट्रॉन हवेतील अणुकेंद्राजवळून जाताना गॅमा किरण बाहेर टाकतो. तो गॅमा किरण दुसऱ्या अणुकेंद्राजवळ इलेक्ट्रॉन व पॉझिट्रॉन यांच्या जोडीत रूपांतरित होतो. ही जोडी पुन्हा गॅमा किरण निर्माण करते. प्रत्येक पायरीला कणांची संख्या वाढते आणि प्रत्येकाच्या वाट्याची ऊर्जा घटते. ऊर्जा ठरावीक मर्यादेखाली गेली की वर्षाव ओसरतो. अमेरिकेत कार्लसन आणि ओपेनहायमर यांनीही त्याच सुमारास स्वतंत्रपणे हीच उपपत्ती मांडली होती.

या यशाने एक नवाच प्रश्न निर्माण केला. विश्वकिरणांतील काही कण वर्षाव न घडवता शिशाचे जाड थर भेदून पलीकडे जात. ते इलेक्ट्रॉन असते, तर भाभांच्याच गणितानुसार त्यांना थांबावे लागले असते. म्हणून हे कण इलेक्ट्रॉनापेक्षा सुमारे शंभर पट जड असले पाहिजेत, असा निष्कर्ष भाभांनी काढला. आज त्या कणाला म्यूऑन म्हणतात. १९३८ मध्ये त्यांनी आणखी एक मुद्दा मांडला. असा कण अस्थिर असेल, तर वेगाने धावताना त्याचे आयुष्य सापेक्षतावादानुसार लांबलेले दिसले पाहिजे. स्थिर म्यूऑनाचे सरासरी आयुष्य एका सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाच्या जेमतेम दुप्पट असते. तेवढ्या वेळात तो सातशे मीटरही पार करू शकणार नाही. तरीही वातावरणात कित्येक किलोमीटर उंचीवर जन्मलेले म्यूऑन जमिनीपर्यंत पोहोचतात, ते या लांबलेल्या आयुष्यामुळेच. १९४१ मध्ये ब्रूनो रोसी व डेव्हिड हॉल यांच्या मोजमापांनी याची खात्री पटवली. ‘मेसॉन’ हे सुटसुटीत नाव रूढ करण्यातही भाभांचा वाटा होता. तेव्हा प्रचलित असलेल्या ‘मेसोट्रॉन’ या नावातील शेवटचा भाग ग्रीक व्युत्पत्तीला धरून नाही, असा त्यांचा आक्षेप होता.

दुप्पट प्रभाराचा प्रोटॉन

सप्टेंबर १९३९ मध्ये युरोपात युद्ध सुरू झाले, तेव्हा भाभा सुटीसाठी भारतात आले होते. केंब्रिजला परतणे अशक्य झाल्याने त्यांनी बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत, चंद्रशेखर व्यंकट रामन यांच्या विभागात, प्रपाठकाचे पद स्वीकारले. तेथेच १९४० मध्ये त्यांनी पूर्णांकी प्रभार असलेल्या जड मूलकणांविषयीचा निबंध लिहिला.

त्या वेळच्या समजुतीनुसार अणुकेंद्रातील जड कण दोनच : एक एकक धनप्रभार असलेला प्रोटॉन आणि प्रभारहीन न्यूट्रॉन. प्रभारित मेसॉन प्रोटॉनावर आदळून किती विखुरतील, याचे पुंजयामिकीने येणारे उत्तर प्रयोगात दिसणाऱ्या प्रमाणापेक्षा फार मोठे येत होते आणि ऊर्जेबरोबर ते बेसुमार वाढतही होते. भाभांनी हाच प्रश्न आधी अभिजात भौतिकीच्या पद्धतीने सोडवला, तेव्हा हा दोष नाहीसा झाला. तेव्हा गफलत पुंजयामिकीतील गणनेत कोठेतरी असली पाहिजे, असा तर्क त्यांनी केला आणि ती त्यांना एका गाळलेल्या अवस्थेत सापडली. न्यूट्रॉन धनप्रभारित मेसॉन शोषून प्रोटॉन होऊ शकतो. प्रोटॉनाने तसाच मेसॉन शोषला तर एकूण प्रभार दोन होईल, आणि असा कण ज्ञात नसल्याने गणितात ती वाट बंद धरली जात होती. ही वाट खुली मानली, तर परस्परविरोधी पदे एकमेकांना छेदतात आणि प्रकीर्णनाचे प्रमाण आटोक्यात येते. यावरून भाभांनी असे मांडले की अधिक दोन आणि उणे एक प्रभार असलेल्या, प्रोटॉनापेक्षा काहीशा जड व अस्थिर अवस्था निसर्गात असल्या पाहिजेत. हाइटलर हेही त्याच वर्षी अशाच निष्कर्षाला आले होते.

१९५१-५२ मध्ये शिकागोला फर्मी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी धनप्रभारित पायॉनांचा झोत हायड्रोजनवर सोडला. ऊर्जा वाढवत नेली तशी त्यांना प्रकीर्णनात झपाट्याने होणारी वाढ दिसली. आज डेल्टा या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कणसमूहाचा तो पहिला पुरावा होता. या समूहात अधिक दोन, अधिक एक, शून्य आणि उणे एक असे चार प्रभार आढळतात. दुप्पट धनप्रभाराचा डेल्टा निर्माण झाल्याबरोबर प्रोटॉन आणि पायॉन यांत फुटतो. त्याचे आयुष्य इतके क्षणिक असते की त्याला कण म्हणावे की टकरीतील अनुनाद, असा संभ्रम पहिल्या काही वर्षांत होता. भाभांनी कल्पिलेले तपशील आणि पुढे क्वार्कांच्या आधारे मिळालेले स्पष्टीकरण यांत अंतर आहे, पण प्रभारांचे आकडे त्यांनी बरोबर सांगितले होते.

अणुकेंद्रांच्या प्रोटॉन-उत्सर्जनाशी या विघटनाची गल्लत करू नये. ज्या अणुकेंद्रात न्यूट्रॉनांच्या मानाने प्रोटॉन फार जास्त असतात, त्यात शेवटचा प्रोटॉन बांधून ठेवण्यास आकर्षण अपुरे पडते. तरीही विद्युत् प्रतिसारणाचा अडसर पार करूनच त्याला बाहेर पडावे लागत असल्याने तो काही काळ आतच अडकून राहतो. अशा किरणोत्सर्गाचा पहिला पुरावा १९७० मध्ये कोबाल्ट-५३ च्या उत्तेजित अवस्थेत मिळाला, आणि न्यूनतम ऊर्जेच्या अवस्थेतून होणारे प्रोटॉन-उत्सर्जन १९८१ मध्ये जर्मनीत ल्यूटेशियम-१५१ मध्ये आढळले. डेल्टाच्या वाटेत असा अडसर नसतो आणि त्याचे विघटन तीव्र आंतरक्रियेने तत्क्षणी होते.

बंगळूरच्या वर्षांत भाभांना १९४२ चे ॲडम्स पारितोषिक मिळाले. हरीशचंद्र हे तेथे त्यांचे सहकारी होते. विक्रम साराभाईही युद्धामुळे तेव्हा बंगळूरलाच विश्वकिरणांवर काम करत होते. युद्ध संपले असते, तर भाभा केंब्रिजला परतले असते असे मानण्यास आधार आहे. मात्र भारतातच राहून संशोधनाची परंपरा निर्माण केली पाहिजे, हा विचार याच काळात त्यांच्या मनात दृढ झाला.

टाटा मूलभूत संशोधन संस्था

१२ मार्च १९४४ रोजी भाभांनी सर दोराबजी टाटा न्यासाचे अध्यक्ष सर सोराब सकलातवाला यांना पत्र पाठवून मूलभूत भौतिकशास्त्रासाठी स्वतंत्र संस्था काढण्याची योजना सादर केली. काही दशकांत अणुऊर्जेचा वीजनिर्मितीसाठी उपयोग होऊ लागेल, तेव्हा भारताला तज्ज्ञांसाठी परदेशाकडे पाहावे लागू नये, हा त्यातील मुख्य विचार होता. हिरोशिमावर बाँब पडण्यास तेव्हा वर्षाहून अधिक अवधी होता, हे लक्षात घेतले म्हणजे या पत्राचे महत्त्व कळते. न्यासाने आणि मुंबई सरकारने मदत मान्य केली. १ जून १९४५ रोजी बंगळूर येथे संस्थेचे काम सुरू झाले आणि त्याच वर्षी १९ डिसेंबरला मुंबईत पेडर रोडवरील ‘केनिलवर्थ’ या बंगल्यात तिचे औपचारिक उद्घाटन झाले. १९४९ मध्ये संस्था अपोलो बंदराजवळील यॉट क्लबच्या जुन्या इमारतीत गेली. कुलाब्याच्या समुद्रकाठी बांधलेल्या कायमच्या वास्तूची कोनशिला १९५४ मध्ये जवाहरलाल नेहरू यांनी बसवली आणि १९६२ मध्ये त्यांच्याच हस्ते उद्घाटन झाले.

आधी जागा निर्माण करून मग माणसे शोधण्यापेक्षा योग्य माणूस मिळाल्यावर त्याच्याभोवती विभाग वाढू द्यावा, अशी भाभांची पद्धत होती. गोव्यात जन्मलेले गणितज्ञ व इतिहासकार दामोदर धर्मानंद कोसंबी हे संस्थेत सुरुवातीच्या काळापासून गणिताचे प्राध्यापक होते. १९६० च्या दशकाच्या आरंभी भाभांनी ओबैद सिद्दिकी यांना रेण्वीय जीवशास्त्रासाठी आणि गोविंद स्वरूप यांना रेडिओ खगोलशास्त्रासाठी निमंत्रित केले. स्वरूप यांनी १९६५ मध्ये कल्याणजवळ ३२ तबकड्यांची रेडिओ दुर्बीण उभारली. तिच्याच परंपरेत पुढे उटीची आणि जुन्नर तालुक्यातील खोडदची दुर्बीण उभी राहिली. ‘टिफरॅक’ हा देशात घडवलेला पहिला मोठा अंकीय संगणकही याच संस्थेतला.

ही पद्धत सर्वांच्या बाबतीत सुखावह ठरली नाही. कोसंबी अण्वस्त्रविरोधी शांतता चळवळीत सक्रिय होते आणि भारतासारख्या देशाने अणुऊर्जेपेक्षा सौरऊर्जेकडे वळावे असे जाहीरपणे मांडत. त्यांचे व भाभांचे संबंध बिघडत गेले. १९६२ मध्ये कोसंबींच्या नेमणुकीची मुदत संपल्यावर ती वाढवण्यात आली नाही. एखाद्या व्यक्तीवर विश्वास टाकून उभ्या राहिलेल्या संस्थेत तो विश्वास उडाल्यावर दाद मागण्यास जागा फारशी उरत नाही, हे या प्रकरणातून दिसते.

तुर्भे आणि अणुऊर्जा

ऑगस्ट १९४८ मध्ये अणुऊर्जा आयोग स्थापन झाला आणि भाभा त्याचे अध्यक्ष झाले. शांतिस्वरूप भटनागर व कार्यमाणिक्कम श्रीनिवास कृष्णन हे त्याचे अन्य सदस्य होते. १९५४ मध्ये अणुऊर्जा खाते निर्माण झाल्यावर भाभा त्याचे सचिवही झाले. हे खाते थेट पंतप्रधानांच्या अखत्यारीत होते. त्यामुळे निर्णय लवकर होत. कायद्याने दिलेल्या गुप्ततेच्या तरतुदींमुळे मात्र या निर्णयांवर बाहेरून चर्चा होणे कठीण झाले. याबद्दल संविधान सभेतच प्रश्न विचारले गेले होते. मेघनाद साहा यांचा आक्षेप वेगळा होता. विद्यापीठांतील संशोधन दुबळे ठेवून सगळा पैसा एका केंद्रात ओतल्यास पुढच्या पिढीचे शास्त्रज्ञ येणार कोठून, असे ते विचारत. भाभांनी १९५७ मध्ये तुर्भे येथे प्रशिक्षण विद्यालय सुरू करून आपल्यापुरते उत्तर दिले. साहांच्या प्रश्नाचा विद्यापीठांशी संबंधित भाग तसाच राहिला.

अणुऊर्जा संस्थेसाठी निवडलेले तुर्भे, म्हणजे ट्रॉम्बे, मुंबईच्या पूर्व किनाऱ्यावर ठाणे खाडीच्या मुखाजवळ आहे. नवी मुंबईतील तुर्भे हे खाडीपलीकडचे वेगळे ठिकाण. घाटकोपर, विक्रोळीपासून खाली खाडीच्या काठाने पसरलेला हा सगळा पट्टा १९५० च्या दशकात झपाट्याने पालटत होता. विक्रोळीला खारफुटीलगतच्या विस्तीर्ण जमिनीवर पिरोजशा गोदरेज यांची कारखान्यांची वसाहत वाढत होती. तुर्भे व चेंबूरच्या बाजूला १९५४-५५ मध्ये दोन तेलशुद्धीकरण कारखाने आणि १९५६ मध्ये टाटांचे औष्णिक वीज केंद्र सुरू झाले. त्याच परिसरात, पण मधल्या टेकडीमुळे वस्तीपासून अलग राहिलेल्या समुद्राकडील उतारावर, भाभांनी जागा पसंत केली. शहर जवळ होते आणि थंडावण्यासाठी लागणारे पाणी समोर होते. अणुभट्टीला लागणारे अतिशुद्ध व काटेकोर मापाचे भाग देशातील कारखान्यांना करता आले पाहिजेत, हा त्यांचा आग्रह होता. विक्रोळीच्या गोदरेज कारखान्यांनी पुढील काळात अणुऊर्जा आणि अवकाश या दोन्ही कार्यक्रमांसाठी सामग्री तयार केली.

पहिली अणुभट्टी ‘अप्सरा’ ४ ऑगस्ट १९५६ रोजी दुपारी कार्यान्वित झाली. सोव्हिएत संघ वगळता आशियातील ती पहिलीच भट्टी होती. तिचे समृद्ध युरेनियमचे इंधन ब्रिटनने दिले होते. आराखडा, बांधणी आणि नियंत्रणाची इलेक्ट्रॉनिक यंत्रणा मात्र भारतीय अभियंत्यांची होती. पाण्याच्या खोल कुंडात इंधन टांगलेले असल्याने चालू भट्टीची निळसर प्रभा वरून डोळ्यांना दिसे. १ मेगावॉट क्षमतेची ही भट्टी वीज तयार करण्यासाठी नव्हती. न्यूट्रॉनांचे झोत मिळवणे, किरणोत्सर्गी समस्थानिके तयार करणे आणि माणसे तयार करणे हा तिचा उपयोग होता. राजा रामण्णा यांनी भंजनाविषयीचे आपले महत्त्वाचे प्रयोग तेथे केले. अप्सरा २००९ मध्ये बंद झाली आणि तिच्या जागी २०१८ मध्ये सुधारित भट्टी सुरू झाली. कॅनडाच्या साहाय्याने बांधलेली ४० मेगावॉटची ‘सायरस’ १९६० मध्ये कार्यान्वित झाली. १९७४ च्या पोखरण चाचणीत वापरलेले प्लुटोनियम याच भट्टीतून आले.

भारतात युरेनियम थोडे आणि केरळच्या किनाऱ्यावरील मोनाझाइट वाळूत थोरियम मुबलक, ही वस्तुस्थिती भाभांच्या ऊर्जा नियोजनाच्या मुळाशी होती. थोरियम स्वतः इंधन होऊ शकत नाही. त्याने न्यूट्रॉन शोषल्यावरच त्यापासून भंजनक्षम युरेनियम-२३३ मिळते. म्हणून भाभांनी १९५४ मध्ये तीन टप्प्यांची योजना मांडली. आधी नैसर्गिक युरेनियमवर चालणाऱ्या भट्ट्या, मग त्यांतून निघालेल्या प्लुटोनियमवर चालणाऱ्या प्रजनक भट्ट्या आणि अखेरीस थोरियमचे चक्र. योजनेचा तर्क भक्कम होता. कालमर्यादेचे अंदाज मात्र कमालीचे आशावादी ठरले. १९५५ मध्ये जिनिव्हा येथे भरलेल्या अणुशक्तीच्या शांततामय उपयोगांवरील पहिल्या आंतरराष्ट्रीय परिषदेचे अध्यक्ष म्हणून त्यांनी नियंत्रित अणुसंमीलन वीस वर्षांत साध्य होईल असे भाकीत केले. तेही खरे झाले नाही. देशातील पहिले अणुवीज केंद्र, तत्कालीन ठाणे जिल्ह्यातील तारापूर येथील, त्यांनी अमेरिकी कंपनीकडून बांधून घेतले. ते समृद्ध युरेनियमवर चालणारे असल्याने त्यांच्याच योजनेच्या चौकटीत बसत नव्हते. वीज स्वस्त पडते हे लवकर सिद्ध करण्याची निकड त्यामागे होती. तारापूरची वीजनिर्मिती १९६९ मध्ये सुरू झाली, तेव्हा ते हयात नव्हते.

ऑक्टोबर १९६४ मध्ये चीनने अणुचाचणी केल्यानंतर काही दिवसांतच भाभांनी आकाशवाणीवरील भाषणात अण्वस्त्रांच्या खर्चाचे अगदी कमी आकडे सांगितले. या भाषणाने अणुबाँबच्या बाजूच्या मताला बळ मिळाले. ज्यांनी एक दशक शांततामय उपयोगांचे प्रतिनिधित्व केले होते त्यांच्याकडून हे यावे, याचे आश्चर्य तेव्हाही व्यक्त झाले. अवकाश संशोधनाची राष्ट्रीय समिती १९६२ मध्ये भाभांच्याच खात्याखाली स्थापन झाली आणि तिची सूत्रे साराभाई यांच्याकडे देण्यात आली.

या सर्व व्यापात त्यांचे स्वतःचे सैद्धांतिक संशोधन १९५० च्या दशकाच्या मध्यापर्यंत जवळजवळ थांबले. डेल्टाचा पुरावा मिळाला, तेव्हा त्याचे श्रेय मागण्यासाठी किंवा तो धागा पुढे नेण्यासाठी ते संशोधकांच्या वर्तुळात राहिलेले नव्हते.

कलासक्ती

भाभा स्वतः चित्रे काढत, पाश्चात्त्य अभिजात संगीताचे जाणकार होते आणि अविवाहित राहिले. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या भिंतींसाठी त्यांनी समकालीन भारतीय चित्रकारांच्या कलाकृती विकत घेण्याची प्रथा पाडली. हा संग्रह आज देशातील आधुनिक चित्रकलेच्या महत्त्वाच्या संग्रहांपैकी एक आहे. संस्थेच्या दर्शनी दालनातील भव्य भित्तिचित्र मकबूल फिदा हुसेन यांचे आहे. बागांचे आराखडेही ते स्वतः तपासत. बांधकामाच्या आड येणारी मोठी झाडे तोडण्याऐवजी मुळांसकट उचलून दुसरीकडे लावण्याचा त्यांचा आग्रह असे.

मृत्यू

आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा अभिकरणाच्या सल्लागार समितीच्या बैठकीसाठी व्हिएन्नाला जात असताना २४ जानेवारी १९६६ रोजी एअर इंडियाचे ‘कांचनजंगा’ हे बोइंग ७०७ विमान जिनिव्हाला उतरण्यापूर्वी माँ ब्लाँ पर्वतावर आदळले. त्यातील सर्व ११७ जण मृत्युमुखी पडले. विमानाचे एक दिशादर्शक उपकरण नादुरुस्त होते आणि पर्वत ओलांडला आहे अशी वैमानिकाची चुकीची समजूत झाली, असा निष्कर्ष फ्रेंच चौकशीत निघाला. घातपाताच्या चर्चा वेळोवेळी होत आल्या आहेत, पण त्यांना पुष्टी देणारा पुरावा पुढे आलेला नाही. लालबहादूर शास्त्री यांच्या निधनाला तेव्हा दोन आठवडेही झाले नव्हते. ज्या दिवशी हा अपघात झाला, त्याच दिवशी इंदिरा गांधी यांनी पंतप्रधानपदाची शपथ घेतली.

सन्मान आणि स्मृती

भाभांना १९५४ मध्ये पद्मभूषण देण्यात आले. जानेवारी १९६७ मध्ये तुर्भे येथील संस्थेचे भाभा अणुसंशोधन केंद्र असे नामकरण झाले. टाटा मूलभूत संशोधन संस्थेने १९७४ मध्ये होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राची स्थापना केली. या केंद्राने सुरुवातीच्या काळातच मुंबई महापालिकेच्या शाळांत आणि जळगाव जिल्ह्यातील खिरोदा परिसरात मराठी माध्यमाच्या मुलांसाठी विज्ञान शिकवण्याचे प्रयोग केले. केंद्राचा परिसर आज मानखुर्दला आहे.

विश्वकिरणांच्या अभ्यासाची भाभांनी रुजवलेली परंपरा कोलारच्या सोन्याच्या खाणींत दीर्घकाळ चालू राहिली. १९६५ मध्ये तेथे वातावरणात निर्माण झालेल्या न्यूट्रिनोंच्या खुणा सापडल्या. १९८० च्या दशकात सुमारे २,३०० मीटर खोलीवर प्रोटॉनाचा स्वतःहून ऱ्हास होतो काय, याचा शोध घेण्यात आला. काही संभाव्य घटना आढळल्या होत्या, पण अन्य प्रयोगांत त्यांना दुजोरा मिळाला नाही.

मलबार हिलवरील भाभांचे ‘मेहेरांगीर’ हे निवासस्थान जमशेद भाभा यांच्या निधनानंतर राष्ट्रीय संगीत नाट्य केंद्राकडे आले. २०१४ च्या लिलावात विक्रोळीच्या गोदरेज उद्योगसमूहाच्या कुटुंबाने ते ३७२ कोटी रुपयांना घेतले. वास्तू स्मारक म्हणून जपावी, यासाठी अणुसंशोधन केंद्रातील कर्मचाऱ्यांनी उच्च न्यायालयात दाद मागितली होती. २०१६ मध्ये ती पाडण्यात आली.